साडेसहा इंचांचा खोका

४ जून

अगं,

दाराची कुलपं एक हजार एकशे बारा, प्रत्येकात किल्लीने उचलली जाणारी सहा पाती. तिजोऱ्या अकरा, त्यांतली एक चार माणसांना हलली नव्हती. दवाखान्याच्या औषधांच्या कपाटांना चौदा कुलपं, सगळी एकाच किल्लीने उघडणारी. एक पेटी, जिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात. कामाचा बाक, लोखंड आवळून धरणाऱ्या वाईसचा ठोकळा, कानशी टांगायची फळी, आणि सुताराने 'ही बसणार नाही' म्हणून सोडलेली खिडकी. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. शाळा सातवीत सुटली. कुलूप शिकलो ते मोडकी कुलपं उघडून, चुकून, पुन्हा करून.

तुझ्या कारखान्याला द्यायचं पत्र मी असंच सुरू केलंय. आधी कुठे काम केलं त्याचा कागद आणा म्हणतात, असं तू लिहिलं होतंस. कागद वेगळ्या पाकिटात आहे. त्याला एकच घडी आहे, दुसरी घालू नकोस. शेवटची ओळ तुझ्याबद्दल: 'वरील सर्व कामांत माझ्या पत्नीने मला एकोणीस वर्षे मनापासून मदत केली.' 'मनापासून' हा शब्द मी विचार करून घातला.

आता माझं ऐक. लेकीचं शिक्षण दोन वर्षांचं, तोवर तू तिच्याबरोबर तिथे राहायचं, हे आपण दोघांनी ठरवलं. तू कारखान्यात जायचं हे कोणी ठरवलं? मी पाठवतो त्यात भागत नाही का? नसेल तर आकडा कळव. घरी कधी येणार तेही लिहिलं नाहीस.

इकडे ठीक आहे. काम करताना अजून 'धर गं' म्हणून किल्ली मागे करतो. आतापर्यंत दोनदा खाली पडली. एकीचा दात वाकला.

हे वाचून झाल्यावर लगेच लिही.


१९ जून

अहो,

कागद पोचला. एकच घडी होती. साहेबांपुढे ठेवताना मला तुमचा अभिमान वाटला, खरंच. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचला. तिजोरीपाशी थांबून म्हणाले, "चार माणसांना हलली नाही? वा!" मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे बाई, तुम्ही मदतनीस." आणि माझ्या कार्डावर तो शिक्का मारला.

इथे कारागिराला महिन्याला सोळा हजार आणि मदतनिसाला नऊ. काम एकच, कुलपाची पाती कानसायची. बाकी अकरा बायका खोकी भरायला आहेत, कानस हातात असलेली मी एकटी. माझ्या शेजारच्या वाईसवर एक मिशीवाले आहेत, ते कारागीर. दिवसाला त्यांची चाळीस पाती होतात, माझी बावन्न. माणूस चांगला आहे. मला 'ताई' म्हणतो आणि उरलेली पाती हळूच माझ्याकडे सरकवतो.

भागत नाही म्हणून गेले नाही. तुम्ही पाठवता त्यात भागतं. पण मागितल्यावर येतं तेव्हा भागतं. एकोणीस वर्षांत माझं नाव घातलेलं पाकीट मला कोणी दिलं नव्हतं. कागद यायच्या आधी इथे महिनाभर काम केलं, त्याचं मिळालं. नाव चुकीचं लिहिलं होतं, तरी उघडायच्या आधी मी ते दोनदा वाचलं. तुम्हाला हसू येईल. येऊ दे.

वाईस इथेही उंच आहे. दोन विटांवर फळी टाकून उभी राहते. फळी डुगडुगते, मग सगळे म्हणतात, "ताई, झोपाळा जपून." घरचा खोका बरा होता.

दुसरा कागद मागत नाही. तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. अपुरं आहे, एवढंच.

किल्ली मागे करताना आधी बघत जा. तेलाची कुपी तिसऱ्या फळीवर, डब्याच्या मागे आहे. तुम्ही पहिल्या फळीवर शोधत असाल.

बाबा, इथे जागा उरलीय म्हणून मी लिहिते. आई सांगणार नाही. आपल्या घराची किल्ली ती दोऱ्यात घालून गळ्यात ठेवते. या खोलीची किल्ली मात्र रोज विसरते, आणि मला कॉलेजमधून पळत यावं लागतं.
— तुमची लेक


२ ऑगस्ट

अगं,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो.

कुलपं परत आली. एक नाही, पाच. 'किल्ली अडते' अशी सगळ्यांची तक्रार. आधी वाटलं पोलाद वाईट. दुकानदार बदलला. मग वाटलं तेल. तेलही बदललं. (कुपी डब्याच्या मागेच होती. मी पहिल्या फळीवर शोधत होतो हे तुला तिथे बसून कसं कळलं?) परत आलेलं एक कुलूप उघडून मी त्याची सहाही पाती मोजली. केसाचाही फरक नाही. एकेक पातं बरोबर, आणि सहा मिळून चूक. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शेजारचा शिंपी म्हणतो, "मास्तर, वहिनी गेल्यापासून तुमची कुलपंसुद्धा रुसलीत." त्याला म्हटलं, तू तुझी काजं बघ.

एक चांगली बातमी आहे. एका मोठ्या कुलूप कंपनीचा माणूस येऊन गेला. आठ वर्षांपूर्वी विकलेलं आपलं एक कुलूप त्याच्या साहेबाच्या दाराला आहे. म्हणाला, "आठ वर्षांत तेलाचा थेंब नाही, तरी किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरते. अशी पाती तुम्ही बसवता कशी?" मी म्हटलं, ही हाताची गोष्ट आहे, सांगता येत नाही. तो पुन्हा येणार आहे. मला वाटतं काहीतरी मोठं बोलेल.

तुझ्या खणात एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात सायकलच्या ब्रेकचा तुकडा, दोन स्क्रू आणि पेनातली स्प्रिंग जोडून केलेलं ते तुझं खेळणं आहे. जागा अडते. टाकू का? आणि तुझा खोका पायात येतो. तोही फोडून जाळायला घेईन म्हणतो.

तुझ्या कार्डावरच्या शिक्क्याबद्दल मी काही लिहिलं नाही. तुझ्या पत्रातल्या त्या ओळीवर खूण करून ठेवलीय.


११ ऑगस्ट

अहो,

डबा टाकू नका! खोकाही फोडू नका. मी एवढ्या घाईत पत्र कधी लिहिलं नाही. डब्यांची सुट्टी चाललीय आणि मी भरलेल्या खोक्यांवर कागद ठेवून लिहितेय.

लेक वर्षाची होती, तिला ताप होता आणि तुम्ही दवाखान्याची कुलपं पोचवायला चार दिवस बाहेरगावी गेला होतात, ते आठवतं? त्यातली सहा कुलपं व्हायची होती. पोर मांडीवरून उतरेना. एक हात तिच्या पाठीखाली, उरलेल्या एका हातात पातं धरू की कानस? मग तुमच्या मोडक्या सायकलचा ब्रेक काढला. त्याची पकड केली. सहाही पाती एकावर एक ठेवायची, त्यांत खरी किल्ली घालायची, ब्रेक दाबला की सगळी घट्ट. किल्लीने पाती उचललेली असतानाच सहांची खाच एका कानशीत कापायची. तुम्ही एकेक पातं मोजून कानसता. ते मापाला बरोबर येतं. पण किल्लीला मोजपट्टी कळत नाही, तिला फक्त शेजारची पाती कळतात.

तुम्ही परत आलात तेव्हा मी दाखवली होती. तुम्ही म्हणालात, "खेळणं छान आहे." आणि जेवायला बसलात. त्यानंतर प्रत्येक कुलपाची पाती त्या पकडीतून गेली. तुम्ही कानसून माझ्याकडे टाकायचात, "जरा पुसून घे." मी पुसून घ्यायची.

रागाने लिहीत नाही. तेव्हा मलाही ते खेळणंच वाटलं होतं. इथे येऊन बावन्न पाती मोजायला लागले तेव्हा कळलं.

करून बघा. ब्रेकच्या आतून अंगठा घालायचा आहे. तुमचा जाणार नाही असं वाटतं.

घंटा झाली.


३ सप्टेंबर

अगं,

अंगठा गेला. बाहेर येईना. शिंप्याला हाक मारावी लागली. त्याने साबण लावला, तेल लावलं, आणि सबंध आळीला सांगून झाल्यावर अंगठा सोडवला. आता मी तर्जनी घालतो. अवघड जातं, पण जमतं. त्या पकडीत केलेलं पहिलं कुलूप फिरवून बघितलं. किल्ली फिरली तेव्हा आवाजच झाला नाही. मी दारात उभा राहून ते बंद केलं, उघडलं, बंद केलं. किती वेळा ते सांगत नाही.

त्यानंतर मी कुलपांची वही काढली. प्रत्येकाच्या आत नंबर असतो आणि परत आलेल्या कुलपापुढे मी फुली मारतो, हे तुला माहीत आहे. तू यायच्या आधीची आणि लगेचची मिळून पहिली दोनशे, त्यांत फुल्या एकसष्ट. दवाखान्याच्या कुलपांनंतर, म्हणजे तुझी पकड झाल्यापासून, सतरा वर्षांत फुल्या चार. तू गेल्यापासून सात. इतकी वर्षं मी समजत होतो की माझा हात बसला.

मी चूक मोजायला कधी घाबरलो नाही. ही मोजली.

सोबत नवा कागद आहे. मजकूर असा:

'आमच्या कारखान्यात एकोणीस वर्षे दोन कारागिरांनी काम केले. सांगाडा, किल्ली व जोडणी माझी. पाती माझ्या पत्नीची. सहा पाती एकत्र कानसण्याची पकड तिने स्वतः शोधली व स्वतः बनवली. त्यात माझा हात नाही. आमच्या कुलपांचा जो लौकिक आहे तो किल्ली न अडण्याचा आहे, म्हणजे पात्यांचा आहे. एकोणीस वर्षांत तिला एकदाही पगार दिलेला नाही, ही नोंद मुद्दाम करीत आहे. खात्री करायची असल्यास तिच्यापुढे सहा कोरी पाती आणि एक किल्ली ठेवावी.'

हा लिहायला चार दिवस लागले. आधीचा एका बैठकीत झाला होता.

अजून एक. तुझ्यासाठी नीट बाक करावा म्हणून माप हवं होतं. वाईसचा जबडा कोपराच्या उंचीला लागतो, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. तुझं कोपर जमिनीपासून किती, ते आठवेना. आठवेना कसलं, कधी घेतलंच नव्हतं. शिंपी म्हणाला, "माझ्या वहीत वहिनींची बाही आहे, खांदा आहे. तुमच्याकडे काय आहे?" मग खोका मोजला. साडेसहा इंच. माझा वाईस चव्वेचाळीस. वजा केले, साडेसदतीस. मला नाही, पण त्या खोक्याला तुझं माप एकोणीस वर्षं माहीत होतं. मधोमध तुझ्या टाचांचे दोन खळगे पडलेत. तो फोडलेला नाही. जागेवर आहे.

तिथल्या वाईसचा जबडा जमिनीपासून किती आहे? मोजपट्टीने मोज, अंदाजाने नको.


९ ऑक्टोबर

अहो,

पावणेत्रेचाळीस इंच. तीनदा मोजलं. मिशीवाल्यांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं.

कागद साहेबांना दिला. या वेळी ते 'वा' म्हणाले नाहीत. 'पगार दिलेला नाही' तिथे थांबून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे त्यांनी स्वतः लिहिलं?" मी म्हटलं, त्यांच्या अक्षरात आहे. मग तुम्ही लिहिल्याप्रमाणे सहा कोरी पाती आणि एक किल्ली आणवली. सगळा विभाग भोवती गोळा झाला. पकड तुमच्याकडे, मग मी मिशीवाल्यांच्या सायकलचा ब्रेक मागितला. ते म्हणाले, "ताई, मग घरी जाताना मी थांबू कसा?" तरी दिला. दीड तासात पकड झाली आणि वीस मिनिटांत पाती. साहेबांनी किल्ली फिरवली. आवाज आला नाही.

या महिन्यापासून कार्डावर 'कारागीर' आहे. पगार चौदा हजार. सोळा नाही. विचारलं, तर म्हणाले बायकांसाठी कारागिराची पायरी अजून ठरलेली नाही, वर लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. तो कागद तुमच्याकडून आणता येणार नाही, तो त्यांनाच लिहायचाय. खोकी भरणाऱ्या दोघींनी मला विचारलं, कानस धरायला शिकवाल का? जेवणाच्या सुट्टीत शिकवते.

साहेबांना द्यायच्या आधी तुमचा कागद मी दुसऱ्यांदा वाचायला ठेवला होता. मग पाचव्यांदा वाचला. लेक म्हणाली, "आई, आता तो पाठ झाला असेल."

मी कधी येणार, हे तुम्ही हल्ली विचारत नाही. म्हणून सांगते. लेकीचं संपायला अजून सव्वा वर्ष आहे. त्या आधी सुट्टीला येईन, पण राहायला नाही. हातातलं मधेच टाकून येण्यासारखं आता राहिलं नाही. नंतरचं मला खरंच माहीत नाही. संध्याकाळी कारखाना सुटला की सगळ्या बायका घराच्या दिशेने चालायला लागतात आणि माझे पाय एक क्षण थांबतात, कुठली दिशा ते त्यांना ठरवावं लागतं. गळ्यातली किल्ली घामाने काळी पडली होती. राखेने घासून परत घातली.

तुम्ही 'धर गं' म्हणता अजून?


१ नोव्हेंबर

अगं,

म्हणतो.

पार्सल मिळालं असेल. नसेल तर दोन दिवसांत मिळेल. तुझा वाईस पावणेत्रेचाळीस, तुझं कोपर साडेसदतीस, फरक सव्वापाच. म्हणून पाट सव्वापाच इंच उंचीचा केलाय. लांबी अडतीस, म्हणजे बाजूला सरकलीस तरी पाय खाली जाणार नाही. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेत. खाली चार कोपऱ्यांना रबर आहे, आता झोपाळा म्हणायला कोणाला जागा नाही. कडा गोल केल्यात. हा पाट हलला तर मला कळव, मी येऊन बघेन. हलणार नाही, तरी येऊन बघेन म्हणतो.

बाक इथेही करणार होतो, तुझ्या मापाचा. लाकूड आणलं होतं. मग तुझं पत्र आलं आणि त्याच लाकडाचा पाट केला. तू जिथे उभी आहेस तिथे आधी नीट उभी राहा. इथे खोका आहे. सकाळी झाडताना मी तो उचलतो आणि परत त्याच चार खुणांवर ठेवतो. लादीवर तशा खुणा आहेत, मला आत्ता दिसल्या.

आता कंपनीच्या माणसाचं. मधे एकदा आला तेव्हा ती पकड त्याने बाकावर पाहिली होती. परवा पुन्हा आला, सोबत टाईप केलेला कागद. त्यांना ती पकड हवी आहे. तिच्यासारख्या शंभर करून त्यांच्या कारखान्यात बसवायच्या आहेत. कागदावर पहिलंच वाक्य होतं, 'ही पकड मी माझ्या हातांनी बनवली आहे,' आणि खाली माझी सही. मी म्हटलं, माझी नाही, माझ्या बायकोची आहे. तो म्हणाला, "एकच घर ना साहेब?" मी म्हटलं, घर एकच, हात दोघांचे वेगळे. मग तिच्या नावाने कागद करा म्हटलं. त्याने तिथूनच साहेबाला फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, "बाईंच्या नावाने असेल तर साठ हजार. बाईंनी घरी केलेली युक्ती आणि कारागिराने शोधलेलं अवजार, दोन्हींचा भाव आमच्याकडे वेगळा असतो."

मी विचारलं, पकड तीच ना? म्हणाला, तीच. मोजून बघा म्हटलं, इंचाचा फरक पडतो का? तो हसला. मी हसलो नाही.

ते साठ हजार घ्यायचे की नाही, हे मी ठरवणार नाही. पकड तुझी आहे. त्याचं कार्ड याच पाकिटात घातलंय. जास्त माग. तुझ्या साहेबांनी परीक्षा घेतली तशी त्यांच्यापुढे सहा पाती ठेवून माग. नाहीच दिले तर देऊ नकोस, ती इथे डब्यात आहे, मी रोज पुसतो. दुसरी, मिशीवाल्यांच्या ब्रेकची, तुझ्याकडे आहेच. त्यांना आता नवा ब्रेक घेऊन दे, नाहीतर कुठेतरी जाऊन आदळतील.

माझ्यापुढचा कागद मात्र मी परत केला. तो घडी घालायला लागला, दोन घड्या, तेव्हा म्हणाला, "साहेब, फक्त एक सही. घरात कोणी तुम्हाला विचारायलाही नाही." ते खरं आहे, घरात कोणी नाही. पण तुझ्या कारखान्यात एक कागद आहे, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की त्यात माझा हात नाही. यावर सही केली असती तर तो खोटा पडला असता.

तुला आकडा माहीत असावा म्हणून लिहितो. माझ्या नावाने ते त्या पकडीचे देत होते चार लाख ऐंशी हजार. मी नको म्हटलं.